झोपेचा रकाना

तात्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. जुनीपानी मॅटाडोर. तिच्यापुढं नारळ फोडला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. तात्या म्हणजे माझे चुलते. तासगाव भागातल्या बागा उक्त्या घ्यायच्या, माल तोडून पेट्या भरायच्या आणि मुंबईला लावायचा, हा त्यांचा धंदा. मी सांगलीत बी.कॉम. करून परत आलो तोवर मॅटाडोर भंगारात जाऊन तिच्या जागी चार ४०७ उभ्या होत्या. तात्या म्हणाले, "शेड मी बघतो. तू गाड्या बघ."

गाड्या बघायच्या म्हणजे काय, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. टायर कधी बदलायचा, पाटा तुटला तर कुठला गॅरेजवाला रात्री उठून येतो, पासिंग कधी, विम्याचा हप्ता कधी, ताडपत्री कुणी फाडली. मी एक लांबट वही केली. तारीख, गाडी, किलोमीटर, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, पेट्या, आलेला भाव. ४०७ मध्ये चार किलोच्या साडेपाचशे पेट्या बसायच्या. वाशीला जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, डिझेल सत्तर लिटरच्या आसपास. एखाद्याचं पंच्याऐंशी लागलं की मी त्याला शेडच्या दारातच धरायचा. उभी गाडी म्हणजे तोटा, एवढं एकच सूत्र मला पाठ झालेलं.

द्राक्षाला दम नसतो. सकाळी तोडलेला माल दुपारी पेटीत, संध्याकाळी गाडीत आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वाशीच्या गाळ्यावर पाहिजे. तीच सोनाका, तोच गोडवा, पण गाडी नऊला पोचली तर गिऱ्हाईक पांगलेलं असतं आणि दलाल फोनवर सांगतो, "शेठ, आज मार्केट ढिल्लं हाय." म्हणून आमच्या गाड्या सातच्या ठोक्याला सुटायच्या. पलूसवरून कऱ्हाड, तिथं हायवे, मग तासवड्याचा टोल, सातारा, आनेवाडी, खंबाटकी, पुणं आणि एक्स्प्रेस वे. जानेवारी ते एप्रिल हे असंच. द्राक्षं संपली की याच गाड्या कोरेगाव-सातारा भागातलं आलं वाहायच्या. त्यामुळं साताऱ्याच्या अलीकडचा एक धाबा आमच्या घरचाच झाला होता.

ड्रायव्हर बहुतेक माण-खटावकडचे. त्यांत अण्णा सगळ्यांत जुने. मॅटाडोरपासूनचे. तात्यांना ते "मालक" म्हणायचे आणि मला "दादा", मी त्यांच्या पोराच्या वयाचा असून. त्यांच्या गाडीचा खर्च कधी वहीत लाल शाईनं लिहावा लागला नाही.

२००६ चा फेब्रुवारी. अण्णा वाशी करून दुपारी चारला आले. आदल्या रात्रभर गाडी चालवलेली, येतानाही स्टेअरिंगवर तेच. त्या दिवशी एका ड्रायव्हरच्या घरी मयत झालेली, तो गेला. शेडमध्ये माल ठेवायला जागा नाही आणि दलालाचा निरोप आलेला की उद्या भाव चढणार. मी अण्णांना म्हणलं, "अण्णा, आजच्या दिवस जावा की."

ते गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "दादा, झोप झाली न्हाई."

मी खिशातनं दोनशे रुपये काढून त्यांच्या हातात दिले. "वाटंत दोन चहा जास्त घ्या," म्हणलं. ते दोनशे रुपये मी लगेच वहीत मांडले. भत्ता जादा.

रात्री साडेअकराला फोन आला. खंबाटकीचा बोगदा संपला की रस्ता उतारानं नागमोडी वळतो. त्या वळणानं किती गाड्या खाल्ल्या असतील, साताऱ्याच्या माणसाला विचारा. आमची गाडी तिथं कठडा घासत जाऊन आडवी झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर द्राक्षांचा चिखल. त्यावरनं जाणाऱ्या टायरांचा चप्प चप्प आवाज माझ्या कानातनं अजून जात नाही. चांगल्या राहिलेल्या पेट्या काही लोक उचलून नेत होते. त्यांना काय बोलणार? क्लीनर पोराला नुसतं खरचटलं होतं. अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

साताऱ्याच्या दवाखान्यात सकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. मी कॉटच्या पायथ्याशी उभा. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सांगितलं, "कुत्रं आडवं आलं, सायेब. वाचवाय गेलो."

कागदावर तेच आलं. विमा मिळाला. कुत्रं नव्हतं हे क्लीनरला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं आणि मला. मी तोंड उघडलं नाही. दवाखान्याचं बिल भरलं, घरी पगार पोचवत राहिलो, आणि त्याला माणुसकी म्हणणाऱ्यांना म्हणू दिलं.

पुढं एका वकील मित्रानं सांगितलं की मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ पासून आहे आणि त्यात दिवसाचे आठ तास ठरवून दिलेत. मी हसलो. आमच्याकडं आठ तासांत गाडी नुसती वाशीला पोचायची.

पण वहीत मी एक रकाना वाढवला. झोप, तास. तात्या बघून म्हणाले, "आता ड्रायवर उठल्यावर दात घासले का तेबी लिही." तरीही मी हट्टानं पुढच्या हंगामापासून गाडी एकाच माणसाकडं ठेवायचं बंद केलं. तासगावातनं निघालेला ड्रायव्हर साताऱ्याच्या धाब्यावर उतरणार आणि तिथं झोपून उठलेला दुसरा पुढं वाशी करणार. परत येताना पुन्हा बदली. दोन माणसांचे पगार वाढले. पहिल्या वर्षी वहीत नफा दिसेना. तात्या महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ड्रायव्हर तर त्याहून नाराज. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे त्यांना बायको माहेरी सोडल्यागत वाटायचं. आणि झोपेचा रकाना ते खुशाल खोटा भरायचे. सहा तास, सात तास, सगळे एका मापाचे. माणसाची झोप मोजायची कशी, यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ते अण्णांकडं होतं. पाय जुळला, पण क्लच दाबायला येईना. काठी घेऊन ते शेडवर आले आणि म्हणाले, "बसून पगार खायची सवय न्हाई." मी त्यांना साताऱ्याच्या धाब्यावर बसवलं. एक बाज, एक टॉर्च, वही. गाडी आली की बदलीच्या ड्रायव्हरला ते समोर उभा करायचे. खालचा ओठ कसा लोंबतोय, नाव विचारल्यावर किती वेळानं उत्तर येतंय, चहाचा कप बशीवर वाजतोय का. तीस वर्षांच्या रात्री त्यांच्या अंगात होत्या. पसंत पडला नाही तर एवढंच म्हणायचे, "नीज जा." गाडी दोन-दोन तास उभी राहायची. मला फोन करून विचारायचे नाहीत, सकाळी नुसतं कळवायचे.

२००९ च्या मार्चमध्ये दोन माणसं एकदम आजारी पडली. मी स्वतःच गाडी घेऊन निघालो. दिवसभर शेडवर, त्याआधीची रात्र तोडणीच्या हिशोबात. साताऱ्याला दहाच्या सुमाराला पोचलो, वाटलं चहा घेऊन सुटावं. पुढं बदलीला कुणी नव्हतंच. अण्णा काठी टेकत आले, टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"दादा, आज वार कुठला?"

मी बुधवार म्हणलं. गुरुवार होता.

त्यांनी खिडकीतनं हात घालून चावी काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली. "उतरा खाली."

मी म्हणलं, "अण्णा, साडेपाचशे पेट्या आहेत. नऊनंतर कोण विचारणार?"

"मी इचारतो का तुमास्नी भाव?" म्हणाले, आणि बाजेवरचं घोंगडं झटकलं. मी आडवा झालो. ते उशाशी स्टुलावर बसून राहिले, चावीचा खिसा मुठीत धरून.

दोन वाजता त्यांनी हलवून उठवलं. वाशीला पावणेनऊ वाजले. पेटीमागं पंधरा रुपये कमी आले. वहीत झोपेच्या रकान्यात मी चार लिहिले.