नजरेची रेषा

उर्दूत ‘नज़र’, मराठीत ‘नजर’. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा शब्द मी वर्गात हमखास घेते. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेला हा शब्द इथे इतका रुळला, की आता नजर लागते, नजर चुकवली जाते, कुणी नजरेत भरतं तर कुणी नजरेतून उतरतं. पण ‘नजरेची रेषा’ म्हणजे काय, हे मला माझ्या भाच्याने दाखवलं.

भाचा पुण्यात नोकरी करतो. रविवारी तो आणि त्याचे मित्र एका क्लबात टेबलावर युद्ध खेळतात. बोटाएवढे रंगवलेले सैनिक, थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती. वॉरहॅमर ४०,००० असं त्या खेळाचं नाव. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ साली काढला. मोठी माणसं तासन्‌तास फासे टाकतात, टेपने इंच मोजतात आणि वाद घालतात. वादाचा मोठा विषय एकच: या सैनिकाला समोरचा शत्रू दिसतो की नाही? दिसत असेल तरच गोळी झाडता येते.

हा वाद मिटवायला लेझर पॉइंटर वापरतात. सैनिकाच्या डोक्याजवळ तो धरायचा, लाल ठिपका शत्रूवर पडला की दिसतो, भिंतीवर अडला की नाही. सोय चांगली आहे. पण मी बाजूला बसून पाहत होते, तेव्हा माझं लक्ष सैनिकांपेक्षा खेळाडूंकडे होतं. सैनिकाला काय दिसतं ते बघायला प्रत्येक जण वाकतो, हनुवटी टेबलाला टेकवतो, एक डोळा मिटतो. किरणही त्याच उंचीवरून जातो. म्हणजे प्लास्टिकच्या सैनिकाला दिसतं का, हे ठरवताना समोरच्या माणसाचा खरा डोळा थेट किरणासमोर येतो. प्रेझेंटेशन देणारा भिंतीकडे पॉइंटर धरतो. इथे मात्र पलीकडे माणसं असतात.

लेझरचा किरण फारसा पसरत नाही, आणि डोळ्यातलं भिंग तो दृष्टिपटलावर एका बारीक बिंदूत गोळा करतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. हात भाजला तर आपण ओरडतो. इथे डोळा ओरडत नाही. एक मिलिवॅटपर्यंतचे पॉइंटर ‘क्लास २’ मध्ये येतात. अशा प्रकाशाने पापणी साधारण पाव सेकंदात मिटते, मान वळते आणि बचाव होतो. पण कुणी पैज लावून मुद्दाम टक लावली, तर हा बचाव उरत नाही.

‘लेबल बघून घेतलाय, खाला,’ भाचा म्हणाला. लेबल बघावंच, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने १२२ पॉइंटर तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष सांगितले: हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. स्वस्त हिरव्या पॉइंटरची आणखी एक भानगड आहे. त्यात हिरवा प्रकाश अवरक्त किरणांपासून तयार होतो. आतली गाळणी चांगली नसेल, तर ते अदृश्य किरणही बाहेर पडतात. जे दिसतच नाही, त्याला पापणी काय अडवणार?

बी.एड. करताना एक गोष्ट मनात पक्की बसली होती: नियम कारणासकट सांगितला तरच पाळला जातो. म्हणून मी भाच्याला आधी कारण सांगितलं, मग नियम. हिरवा नको, खात्रीच्या दुकानातला, क्लास २ चा लालच घ्यायचा. क्लबात पॉइंटर एकच असावा आणि तो एका जबाबदार माणसाकडे राहावा. बटण दाबण्याआधी मोठ्याने ‘लेझर’ म्हणायचं. ते ऐकलं की सगळ्यांनी डोकी वर घ्यायची. किरण उभ्याने, वरून खाली, टेबलाकडे सोडायचा. स्टीलचा पेला, मोबाइल, आरसा बाजूला ठेवायचा. रंगकामाचं भिंग डोळ्याला लावलेलं असेल, तर किरणाच्या वाटेत यायचंच नाही. लहान मुलं आली असतील त्या दिवशी पॉइंटर पिशवीतच राहू दे.

‘मग दिसतं का ते ठरवायचं कसं?’ त्याने विचारलं.

मी पर्समधली शिवणाची रीळ काढली. गवंडी भिंत सरळ आहे का, हे दोरी ताणून बघतो. एक टोक एका सैनिकाजवळ, दुसरं दुसऱ्याजवळ. धागा भिंतीला अडला तर दिसत नाही, न अडला तर दिसतं. पोरं हसली, पण पुढचे दोन वाद त्या धाग्यानेच मिटले.

उरुसात आणि जत्रेत खेळण्यांच्या गाड्यावर हेच पॉइंटर मिळतात, आणि त्यांवर कधीकधी लेबलही नसतं. घरी आणलात तर मुलाला ‘हात लावू नकोस’ एवढंच सांगून थांबू नका. का, तेही सांगा. डोळ्याचं दुखणं डोळा सांगत नाही, हे एवढंसं वाक्य पाचवीच्या पोरालाही समजतं.