काचेवरचे वाघ

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात देवघरालगतच्या कोनाड्यात एक काच जपून ठेवलेली आहे. दीड वीत लांब, वीतभर रुंद, भोवती लाकडाची साधी चौकट. नवखा पाहुणा तिला एखाद्या तसबिरीची उरलेली काच समजतो. वस्तुतः आमच्या काकांनी वीसएक वर्षे त्या काचेवर वाघ मोजले.

होळकरांच्या दप्तरात लेखणी चालवण्यासाठी आलेल्या आमच्या घराण्यात जंगलाची वाट धरणारे काका पहिलेच. बाकीची मंडळी कचेरी आणि शाळा यांपलीकडे फारशी गेली नाहीत. आम्हीही त्यांतलेच. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात आमची हयात गेली. काका मात्र नर्मदेच्या दक्षिणेकडील एका वनक्षेत्रात रेंजर होते. सुट्टीत घरी आले की त्यांच्या कपड्यांना धुराचा नि पाल्याचा वास येई, आणि आम्ही मुले त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसत असू.

गणनेचे काम ते मोठ्या तन्मयतेने सांगत. उन्हाळ्यात ओढे आटले की पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटांवरची माती भुसभुशीत करून ठेवायची. पहाटे वनरक्षकांसह निघायचे, वाघाच्या मागच्या डाव्या पावलाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरून रेषा गिरवायची आणि ती कागदावर उतरवून घ्यायची. गरज पडल्यास प्लॅस्टरचा साचाही काढायचा. मग सर्व कागद एकत्र मांडून कोणता ठसा कोणत्या वाघाचा ते ठरवायचे. १९६६च्या सुमारास ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत घडवली. १९७२ साली देशभर गणना झाली, तेव्हा १,८२७ वाघ नोंदले गेले. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. काकांना आपण या कार्यातले एक शिपाई आहोत याचा सार्थ अभिमान होता.

फेब्रुवारी २००८मधली ती सकाळ आम्हांस आजही आठवते. काका निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. पोह्यांची बशी बाजूला सारून ते वर्तमानपत्र वाचत होते. २००६ साली नव्या पद्धतीने झालेल्या गणनेचा निष्कर्ष जाहीर झाला होता. देशात वाघ १,४११. त्यापूर्वीच्या, २००१-०२च्या गणनेत ३,६४२ सांगितले गेले होते. काकांनी चष्मा काढला आणि विचारले, “तू आकड्यांतला माणूस. मला एवढंच सांग, मधले दोन हजार वाघ मेले, की ते कधी नव्हतेच?”

आम्ही पटकन उत्तरलो, “काका, त्यांतले बरेच तुमच्या काचेवरच होते.”

विद्वत्तेचा तोरा माणसाच्या तोंडून काय वदवील याचा नेम नाही. काका काहीच बोलले नाहीत. त्या दुपारी ती काच भिंतीवरून उतरलेली आम्हांस दिसली.

चार दिवसांनी अपराधी मनाने आम्ही त्यांच्यापाशी बसलो. चूक त्यांची नसून पद्धतीची कशी, हे सांगायचे होते. एकाच वाघाचा ठसा ओल्या वाळूत एक, चिखलात दुसरा आणि धावताना तिसराच उमटतो. तो नेमका कोणाचा, हे अखेर माणसाच्या नजरेवर सोपवलेले. शिवाय जे ठसे सापडलेच नाहीत त्यांचा हिशेब कसा करावा, हे त्या पद्धतीत कोठेच नव्हते. आम्ही नव्या पद्धतीचे तत्त्व समजावू लागलो आणि उदाहरण घेतले ते आपल्याच समाजाचे.

समजा, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या वहीत ३०० मराठी कुटुंबे आहेत. ग्रंथालयाच्या सभासदांच्या वहीत २०० आहेत आणि त्यांतली १२० नावे वर्गणीच्या वहीतही सापडतात. म्हणजे ग्रंथालयाच्या शंभरांपैकी साठ जणांना वर्गणीवाल्यांनी गाठले होते. तेव्हा शहरातल्या सगळ्याच कुटुंबांपैकी शेकडा साठ त्यांनी गाठली असावीत, आणि ती ३०० भरत असतील तर एकूण कुटुंबे सुमारे ५००. दोन्ही वह्या मिळून नावे आहेत ३८०. म्हणजे कोणत्याच वहीत नसलेली १२० कुटुंबेही या शहरात आहेत, असे दारोदार न हिंडता म्हणता येते.

डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ साली माशांवर खुणा करून आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० साली बदकांच्या पायांतल्या कड्यांवरून हाच विचार मांडला. वाघाला तर खूण करावी लागत नाही. त्याच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी वाटेच्या दोन्ही अंगांना आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले आणि कोणता वाघ कितीदा पुन्हा दिसतो यावरून न दिसलेल्यांचे अनुमान केले. १९९५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तो मार्ग देशभर स्वीकारला जाण्यास मात्र सारिस्कातले वाघ नाहीसे व्हावे लागले. २००४च्या गणनेत तिथे वाघ दाखवलेले होते; २००५च्या प्रारंभी एकही उरला नसल्याचे उघड झाले.

काकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पण जो ग्रंथालयात जातो तोच वर्गणीही देतो. जो कुठेच येत नाही तो तुझ्या गणितात पुरता सापडेल कसा?”

आम्ही थक्क झालो. या पद्धतीचे वर्मच त्यांनी नेमके पकडले होते. दोन्ही वह्यांत तीच ती माणसे अधिक असतील तर अनुमान खऱ्यापेक्षा कमी येते. कॅमेऱ्यासमोरून बेधडक जाणारा वाघ आणि वाट टाळणारी वाघीण यांना एकच माप लावून चालत नाही. संख्याशास्त्रज्ञ यासाठीच निरनिराळी प्रतिमाने बांधतात, कॅमेरे ठरावीक काळच लावतात, म्हणजे त्या अवधीत जन्ममृत्यू नि ये-जा फारशी होऊ नये, आणि शेवटी एक आकडा न देता दोन टोके देतात. १,४११ हा आकडाही वस्तुतः १,१६५ ते १,६५७ यांमधला होता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना तेवढी जागा नव्हती, इतकेच.

ती दोन टोके ऐकून काका बराच वेळ गप्प राहिले. मग उठून त्यांनी ट्रंकेतून आपली एक जुनी डायरी आणली. एका वर्षाच्या पानावर शाईने ११ लिहिले होते आणि खाली पेन्सिलीने ७. आदल्या वर्षी दहा होते. वरच्या एका साहेबांनी कागद परत पाठवला होता: वाघ कमी कसे झाले, पुन्हा पाहा. काकांनी पुन्हा पाहिले. “ठसे तेच होते रे,” ते म्हणाले, “माझी नजर बदलली. घरी दोन मुली लग्नाच्या होत्या.”

त्यांना अपमान वाटला होता तो आमच्या बोलण्याचा नव्हे, हे आम्हांस तेव्हा उमगले. त्यांनी विचारलेला प्रश्न खरोखरच त्यांना छळत होता, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर एकच होते: ते आता कोणालाच सांगता यायचे नाही. दोन गणनांची पद्धतच निराळी. २००६च्या आकड्यात तर सुंदरबनही धरलेले नव्हते. त्यामुळे ३,६४२तून १,४११ वजा करून मेलेले वाघ मिळत नाहीत. खोटा आकडा केवळ त्या वर्षापुरता फसवत नाही. काय गमावले हे मोजण्याचे साधनच तो पुढच्या पिढ्यांच्या हातून काढून घेतो.

पुढच्याच वर्षी, २००९ साली, आपल्या मध्यप्रदेशातले पन्नाही वाघांविना उरले. चांगली पद्धत चोख पहाऱ्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. बांधवगड, कान्हा आणि पेंच येथून वाघ आणून पन्ना पुन्हा वसवण्यात आले, आणि एप्रिल २०१०मध्ये तिथे बछडे जन्मले. ती बातमी काकांनी आम्हांस दोनदा वाचायला लावली. २०१०च्या गणनेचा १,७०६ हा आकडा आला तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, “टोके काय?” १,५२० ते १,९०९, आम्ही सांगितले. ते हसले. “हा आकडा भला माणूस दिसतो. ‘मला सगळं ठाऊक नाही’ म्हणतो.”

काका २०१३ साली गेले. २०१८च्या गणनेत २,४६१ वाघ प्रत्यक्ष छायाचित्रांतून ओळखले गेले आणि अनुमान २,९६७चे झाले. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे न दिसलेल्यांना दिलेला मान, असे आम्हांस वाटते. २०२२चे सरासरी अनुमान ३,६८२, त्यांत मध्यप्रदेशाचे ७८५. ही पद्धतही वादातीत नाही. पाऊलखुणांसारख्या चिन्हांवरून दूरवरच्या प्रदेशातली संख्या काढण्याच्या भागावर २०१५ साली काही शास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतले. परंतु तो वाद चारचौघांत मांडलेल्या हिशेबावर होतो, साहेबांच्या खोलीत होत नाही.

काकांना सांगायची एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली. कॅमेरे सर्वत्र लावता येत नाहीत. म्हणून या गणनेचा आरंभ आजही वनरक्षकाच्या पायांनीच होतो. आपल्या बीटमध्ये ठरलेली वाट चालून तो वाघाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवतो. तो ठसा कोणाचा हे त्याला आता ठरवावे लागत नाही. ठसा आहे की नाही, एवढेच त्याने खरे सांगायचे असते. काकांच्या नजरेवर अवजड ओझे लादले गेले होते. ते उतरले, नजर मात्र अजून लागतेच.

आता ती काच आम्ही पुन्हा भिंतीवर लावणार आहोत. डायरी तिच्याखालीच राहील, पेन्सिलीचे पान वर करून.