काकांचा नोटांचा दिवा

मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर रूममेट हसली. "तुला एकोणसाठ आणि एकोणसत्तरमधला फरक कळत नाही, तू लेख लिहिणार?" खरंय, कॉन्व्हेंटची कृपा! पण ही गोष्ट घडलीच मराठीत, त्याला इलाज नाही.

प्रोजेक्टसाठी आम्ही झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवत होतो. झिंक अ‍ॅसिटेट गरम इथॅनॉलमध्ये विरघळवायचं, बर्फात थंड करायचं आणि लिथियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. जे तयार होतं ते पाण्यासारखं दिसतं. पण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरलं की निळसर हिरवं चमकतं! पहिल्यांदा चमकलं तेव्हा आम्ही इतका आरडाओरडा केला की लॅबमधून बाहेर काढलं गेलं.

सोमवारी सबमिशन. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची सोडून मी ती घरी दाखवायला शुक्रवारी शिरगावला घेऊन गेले. आमचं शिरगाव म्हणजे सोमाटणे फाट्यापासून आत, प्रतिशिर्डीचं. मंदिराजवळ काकांचं हार-प्रसादाचं दुकान आहे. गर्दीत कोणी खोटी नोट खपवू नये म्हणून गल्ल्याशेजारी नोटा तपासायचा जांभळा दिवा. शनिवारी सकाळी मोठ्या ऐटीत बाटली त्याच्याखाली धरली, तर पिवळी!

दिव्याचा दोष असेल म्हणून ट्यूबवरचं वाचलं. ३६५ नॅनोमीटर, लॅबमधल्यासारखाच. म्हणजे सँपल बिघडलं. पार्टनरला फोन केला. तो म्हणाला, "जुना फोटो टाक रिपोर्टमध्ये, कोणाला कळतंय?" मलाही ते पटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

हार ओवता ओवता आजी म्हणाली, "ह्यात रंग कुठला घातलास गं?"

"काहीच नाही."

"मग आधी हिरवं, आता पिवळं, कशानं झालं?"

'क्वांटम कन्फाइनमेंट' हे उत्तर व्हायवात चालतं, आजीपुढे चालत नाही. मग मीच पहिल्यांदा नीट विचार केला. कण तीन-चार नॅनोमीटरचा असतो तेव्हा इलेक्ट्रॉन दाटीवाटीत असतो, त्याच्या ऊर्जेची पायरी उंच असते आणि प्रकाश निळ्याच्या बाजूला सरकतो. रात्रभर बॅगेत उबेला राहिल्यावर बारके कण विरघळून मोठ्यांवर चढले. कण वाढले, पायरी उतरली, रंग पिवळ्याकडे गेला. पदार्थ तोच, फक्त माप बदललं.

"पाकात खडीसाखर वाढते तसं," आजी म्हणाली. अगदी तसंच!

पुढे अडले. झिंक ऑक्साइडचा स्फटिक निर्दोष असेल तर त्याचा प्रकाश ३८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही असा. आपल्याला दिसते ती चमक स्फटिकातल्या डिफेक्ट्समुळे. डिफेक्टला मराठीत काय म्हणायचं ते आठवेना. "खोट," आजीने पुरवलं. काका खूश! "मग खोटी नोटपण चमकतेच की!" आणि खरंच, साध्या पांढऱ्या कागदावर छापलेली नोट दिव्याखाली अख्खी निळी उजळते, कारण कागदात व्हाइटनर असतो. खऱ्या नोटेचा कागद मंदच राहतो, फक्त नंबर आणि आतले धागे चमकतात. हे मला काकांनी शिकवलं.

मग त्यांनी गुगली टाकली. "जांभळा टाकून हिरवा निघतो. लाल टाकून जांभळा निघेल का?"

साध्या दिव्याने नाही. ऊर्जा खाली उतरते, आपोआप वर चढत नाही. पण लेझर जोरदार असेल तर दोन फोटॉन मिळून एक होतात. प्रकाश दुप्पट केला की परिणाम चौपट, म्हणून याला नॉनलिनिअर म्हणतात. झिंक ऑक्साइडलाही हे जमतं. १९६१ साली अमेरिकेत फ्रँकेन आणि मंडळींनी क्वार्ट्झमध्ये रुबी लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला आणि ३४७ चा मिळवला. फोटोत पुरावा म्हणून एक बारीकसा ठिपका होता. छापताना तो डाग समजून पुसला गेला! आजही त्या पेपरात बाण आहे, ठिपका नाही.

हे काकांना हसत हसत सांगितलं आणि मग गप्पच बसले. माझी पिवळी बाटली समोरच होती.

रिपोर्टमध्ये दोन्ही फोटो लावले, खाली तारीख-वेळ. पार्टनर दोन दिवस बोलला नाही. व्हायवात एक्स्टर्नल सरांनी पान उलटलं आणि दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा कुठल्या दिव्याखाली काढलात?"

"सर, नोटा तपासायच्या."

त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बसा. पहिल्यापासून सांगा."