पेटीत नसलेला सूर

डोंबिवलीकराला 'आपण कुठे राहता?' असे विचारावे, तर तो पत्त्याच्या आधी गाडीची वेळ सांगतो. मी सात अठ्ठेचाळीसवाला. ठाण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि गेली वीस वर्षे ठाणे, डोंबिवली, कल्याण या तीन स्टेशनांच्या पलीकडे माझे फारसे काही घडलेले नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी हिमालयावर लिहावे. माझ्या वाट्याला आलेला प्रवास हा असा पाऊण तासात संपणारा आहे. पण त्यातले एक अंतर कापायला मला सत्तावीस वर्षे लागली, ते सांगावे म्हणून हा लेख.

१६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या रुळांच्या आधाराने पुढे नोकरदारांची वस्ती वाढत गेली. या माणसांनी गावात आधी काय केले, तर पुस्तके आणि गाणे यांची सोय! कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. कल्याणात १९२६ साली गायन समाज निघाला. भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ तो आजही देवगंधर्व महोत्सव भरवतो. ठाण्यात पंडित राम मराठे राहत होते, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ठाण्यात होतो. डोंबिवलीत १९२४ सालचे गणेश मंदिर आहे, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, शिंप्याच्या आणि दातांच्या डॉक्टरच्या पाट्यांमध्ये 'येथे पेटी शिकवली जाईल' ही पाटी असेच असे.

आमच्या मास्तरांची पाटी अशीच एका चाळीच्या जिन्यापाशी होती. मास्तर दिवसा फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब पाहत आणि संध्याकाळी सात ते नऊ पेटी शिकवत. जिन्यावर चपलांची रांग, आत सतरंजी, सतरंजीवर चार पेट्या, आणि चारही पेट्यांवर एकाच वेळी भूपाचे अलंकार. खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंना सहनशीलतेचे पदक द्यायला हवे होते. मी दहाव्या वर्षी त्या सतरंजीवर बसलो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा ओळीने दिल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. माझी बोटे चपळ होती, आणि ती चपळ आहेत हे मला फार लवकर कळले, हे माझे दुर्दैव!

पेटी हे वाद्य तसे परके. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचा भाता पायाने मारायचा होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला हाताचा भाता देऊन आपल्या बैठकीवर मांडी घालून बसवले. नाटकवाल्यांनी आणि कीर्तनकारांनी त्याला घरचे करून टाकले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तर त्यातून गाणे काढले. तरी १९४०च्या मार्चमध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते तीस वर्षांहून अधिक काळ. आरोप असा, की ही बया आपल्या गाण्याचे सूर बिघडवते.

मला हा आरोप म्हणजे घोर अन्याय वाटे. मास्तरांना वाटत नसे. ते म्हणत, "आरोप खरा आहे. शिक्षा जरा जास्त झाली, एवढंच."

मग ते कोपऱ्यातला तंबोरा घेत आणि जुळवून माझ्या हातात देत. "वाजव, आणि गंधार ऐकू आला की सांग." तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते. पण षड्जाच्या तारा नीट जुळल्या, की त्यांच्या आतून गंधार आपला आपण उमटतो. हा आपोआप आलेला गंधार पेटीच्या गंधाराहून किंचित उतरा असतो. अर्ध्या सुराच्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. पेटीत सप्तकाचे बारा सारखे वाटे केलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीत वाजवता येते. त्या सोयीची ही किंमत. दोन सुरांच्या मधली वाट तर पेटीला ठाऊकच नाही. मींड नाही, आंदोलन नाही. "आपल्या वाद्यात काय नाही, ते ज्याला माहीत, तो साथीदार," असे मास्तर म्हणत. मी मान डोलवी आणि मनात पुढची तान घोटत असे.

अकरावीपासून मी मास्तरांच्याच गाडीने मुंबईला जाऊ लागलो. डब्यात भजनी मंडळ असे. टाळ दोन जोड्या, आणि पखवाजाच्या जागी डब्याचा पत्रा. त्या काळी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा. गाडी आत शिरली, की चाकांच्या घोषात भजन बुडून जाई. कोणाला कोणाचे ऐकू येत नसे. एकदा मास्तर कानाशी ओरडले, "बाहेर पडताना ऐक!" उजेड आला तेव्हा बहुतेक मंडळी एकमेकांच्या पुढेमागे झालेली होती. दाराजवळचा एक म्हातारा टाळकरी मात्र जिथे असायला हवा तिथे होता, आणि बाकीचे सगळे दोन ओळींत त्याला येऊन मिळाले. मास्तर एवढेच म्हणाले, "तो गाडीचा आवाज ऐकत नव्हता."

त्यानंतर दोन वर्षांनी, गणेशोत्सवातल्या एका बैठकीत, मास्तरांनी मला साथीला बसवले. गाणारे वयोवृद्ध गृहस्थ होते. उत्तररात्री त्यांनी दरबारी धरला. दरबारीचा गंधार कोमल, त्यातही अति कोमल, आणि डोलणारा. तो पेटीवर नाहीच. जाणत्या साथीदाराने तिथे हात हलका करून बाजूला व्हावे. मी ती काळी पट्टी ठामपणे दाबली. ते डोलत खाली येत, मी खिळा ठोकल्यासारखा तिथेच. पुढे त्यांनी श्वासाला जागा घेतली, ती मी तानांनी भरून काढली. पुढच्या रांगेतल्या माझ्या मित्रांनी टाळ्या दिल्या. बुवांनी माझ्याकडे एकदा पाहिले, काही न बोलता दरबारी आवरता घेतला आणि भैरवी सुरू केली.

रात्री दोन वाजता फडके रोडवरून घरी येताना मास्तर म्हणाले, "आज तू सगळं वाजवलंस. ऐकलं काहीच नाहीस."

"मग मास्तर, त्या वाद्यात सूरच नसेल तर ते वाजवायचं तरी कशाला?" मी म्हणालो. वयाला शोभेल असा उर्मटपणा. मास्तर गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला गेलो नाही. परीक्षा, एम.ए., नोकरी, लग्न. कारणे भरपूर मिळाली. मास्तर रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या फुटपाथवर जात असे. पुढे चाळ पाडली, मास्तर मुलाकडे कल्याणला गेले, आणि पलीकडे जाण्याचे कष्टही वाचले.

यंदा माझ्या मुलीने पेटी शिकायचा हट्ट धरला. अकरा वर्षांची आहे. बोटे चपळ आहेत. ती तिला कोणाकडून मिळाली, ते माझ्या पोटात खड्डा पडला तेव्हा मला कळले. एका रविवारी तिला घेऊन कल्याणची गाडी पकडली.

मास्तरांनी ऐंशी ओलांडली आहे. बोटे वाकडी झाली आहेत. पेटी वाजवता येत नाही. माझ्या उशिराबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. मुलीने तिची सगळी गाणी धडाधड वाजवून दाखवली. मास्तर म्हणाले, "छान. आता पेटी मिटव." आणि कोपऱ्यातला तंबोरा तिच्या मांडीवर दिला. तोच तंबोरा.

पाच मिनिटे झाली, दहा झाली. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, स्वयंपाकघरात कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. मुलगी एकाएकी म्हणाली, "आजोबा, यात अजून कुणीतरी गातंय." मास्तरांचे डोळे भरले. मी कान लावला. मला चार तारा ऐकू आल्या. पाचवे काही ऐकू आले नाही.

मी शिक्षक आहे. वर्गात तास-तासभर बोलतो, आणि मागच्या बाकावरचा मुलगा काही विचारू लागला, की त्याचे वाक्य मीच पूर्ण करतो. त्या खोलीत मला एकदम ती सगळी अर्धी वाक्ये आठवली.

"मास्तर, माझा गंधार गेला," मी म्हणालो.

"गेला नाही. झाकलाय. रविवारी येत जा."

"त्या रात्री मी तुम्हाला—"

"अरे, तू प्रश्न बरोबर विचारला होतास. उत्तर द्यायला मला वेळ हवा होता, तू थांबला नाहीस." थोडे थांबून म्हणाले, "वाद्यात नसलेला सूर गाणाऱ्याच्या गळ्यात असतो. तो ऐकू यावा म्हणून आपण वाजवायचं."

आता आम्ही दोघे दर रविवारी कल्याणला जातो. मुलगी पेटीवर बसते, मी तंबोऱ्यावर. २०२२पासून लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत. नव्या रुळांवरून, मुंब्र्याच्या डोंगराकडेने जातात. सात अठ्ठेचाळीसच्या डब्यात अजूनही कधी टाळ वाजतात, आणि मी त्यांच्यात तो दाराजवळचा टाळकरी शोधतो.

दिवाळीच्या पहाटे सारी डोंबिवली नवे कपडे घालून फडके रोडवर लोटते. यंदा आम्ही गणपतीला नमस्कार करून तसेच कल्याणला जाणार आहोत, फराळाचा डबा घेऊन. मास्तरांना चकली चावत नाही, म्हणून बायकोने चिवडा नरम केला आहे. गंधार मला अजून ऐकू आलेला नाही. मागच्या रविवारी एक क्षणभर तसा भास झाला. मी बोलायला तोंड उघडले, आणि मुलीने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केले.