तेरीज जुळली, गाडी ओढतच राहिली

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकविले जाते आणि दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला अनुभवाने कळते की, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे नव्हे. एखादे बिल नोंदवायचे पूर्णपणे राहून गेले, एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडली, किंवा एका चुकीने तेवढ्याच रकमेची दुसरी चूक झाकली, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतातच. जे लिहिलेच गेले नाही, त्याविषयी तेरीज मुकी असते. बँकेच्या शाखेत खातेवह्या हाताने लिहिल्या जात होत्या, त्या काळात बेरजा जुळताच पेन खाली ठेवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी हे अनेक वेळा सांगितले आहे. (त्या कामालाही आम्ही ‘बॅलन्सिंग’च म्हणत असू!)

मोटारीच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतल्यानंतर जो छापील कागद हाती येतो, तो याच जातीचा आहे. त्यावर चारही चाकांचे कोन अंश आणि कलांमध्ये छापलेले असतात. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. सर्व रकाने हिरवे झाले की गॅरेजवाल्याच्या दृष्टीने काम संपते. मात्र गाडी घरी नेताना एका बाजूला ओढू लागली, तर मालकाने काय समजावे?

हा प्रश्न आमच्या कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर उभा राहिला. माझ्या धाकट्या भावाचे मानवतला सरकी-ढेपेचे दुकान आहे. दुकानाची छोटी मोटार वसुलीसाठी फिरते आणि दर पंधरवड्याला आमच्या वृद्ध आईला डोळ्यांच्या उपचारासाठी नांदेडला नेते. मानवतहून परभणी, वसमतमार्गे नांदेड, म्हणजे जाण्याचेच शंभराहून अधिक किलोमीटर होतात. आईचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावयाचे, त्यामुळे परतीची वेळ ठरलेली. पावसाळ्यात पुढची दोन्ही टायरे झिजली होती. ती नवी घातली आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतले. दुसऱ्या दिवशी चालकाने भावाला सांगितले, “मालक, गाडी उजवीकडं ओढतीय.”

गाडी गॅरेजला परत गेली. तेथे पुन्हा यंत्रावर चढविली, पुन्हा हिरवे आकडे निघाले. आधी सांगण्यात आले की दोष रस्त्याचा आहे. तिसऱ्या खेपेला निदान बदलले. चालकाने गाडी कोठेतरी दुभाजकावर आपटली असावी, स्टिअरिंगचा रॅकच बदलावा लागेल आणि खर्च सव्वीस हजार येईल, असे ठरले. चालक नाही म्हणत होता. भाऊ त्रासला होता. त्याने रॅकची मागणी तूर्त थांबविली, पण झालेल्या खर्चापोटी पाच हजार रुपये चालकाच्या नावे उचल म्हणून लिहून ठेवले. नऊ वर्षांच्या नोकरीत त्या खात्यावर लग्नाची आणि मुलीच्या शाळेची उचल होती, नुकसानीची कधी नव्हती. आई मला फोनवर एवढेच म्हणाली, “अण्णा, त्या पोराच्या नावावर लिहिण्याआधी एकदा बघ तरी.”

मी अभियंता नाही. तथापि तपासणीचे काम आयुष्यभर केले असल्याने एक पद्धत अंगवळणी पडली आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहून ठेवावा. गॅरेजमध्ये नेमके याच्या उलट झाले होते. टायरे, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही तीन कामे एकाच दिवशी झाली होती, आणि संशय चौथ्याच वस्तूवर घेण्यात आला होता.

प्रथम तक्रारीचे स्वरूप निश्चित करावे लागते. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंगचे चाक थोडे तिरके राहते, हा एक दोष. स्टिअरिंग सरळ असूनही पकड सैल करताच गाडी एका बाजूला सरकते, हा दुसरा. लोक दोहोंना ‘गाडी ओढते’ असेच म्हणतात. पहिला दोष बहुधा अलाइनमेंट करताना स्टिअरिंग मध्यावर नीट न बांधल्याने किंवा मागचा आस किंचित तिरका असल्याने येतो. आमची गाडी दुसऱ्या वर्गातील होती. बाजार समितीच्या आवारात सुट्टीच्या सकाळी, सिमेंटच्या सपाट रस्त्यावर, चालकाने हात स्टिअरिंगच्या अगदी जवळ ठेवून पकड तेवढी सैल केली आणि गाडी हलकेच उजवीकडे निघाली. (ही परीक्षा मोकळ्या जागेतच करावी, वाहत्या रस्त्यावर कदापि नाही.)

रस्त्याच्या दोषाचा मुद्दा तेथेच निकालात निघाला. आपला डांबरी रस्ता पाणी वाहून जावे म्हणून मध्यभागी उंच आणि कडांकडे उतरता केलेला असतो. मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. परभणी जिल्ह्यात त्यात काळ्या जमिनीची भर पडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रस्त्याच्या कडा खचवते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवितो, म्हणून सुदृढ गाडीही डावीकडे किंचित कलते. ते दुखणे नव्हे. परंतु उजवीकडे जाणारी गाडी रस्त्याचा चढ चढत असते. तो दोष रस्त्याच्या माथी मारता येत नाही, आणि तोच अधिक धोक्याचा. उसाच्या हंगामात समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येत असताना गाडीने सारखे तिकडेच जाऊ पाहावे, ही गोष्ट आई मागच्या आसनावर बसलेली असताना मला स्वस्थ बसू देणारी नव्हती.

मग हवा पाहिली, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना. किती हवा हवी, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. आमच्या गाडीला ३३ पौंड हवी होती. उजव्या पुढच्या चाकात ३० आणि डाव्यात ३५ निघाली. बैलजोडीतला एक बैल कच्चा असला की गाडी त्याच्या अंगाला वळते. कमी हवेचे चाक तसेच जड चालते आणि गाडीला आपल्या बाजूला ओढते. आता उलगडा झाला, असे पुतण्याला वाटले. हवा समान केली. ओढ थोडी कमी झाली, पण गेली नाही.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. पंधरा किलोमीटर ब्रेक शक्य तितका न वापरता जावे, हळूच थांबावे आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू न्यावी. डिस्कला स्पर्श करू नये. ब्रेक अडकून राहिलेले चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेले असते. आमची दोन्ही सारखी कोमट होती.

त्यानंतर तो हिरवा कागद मी बँकेत ताळेबंद वाचावा तसा वाचला. त्यात तीन शब्द महत्त्वाचे असतात. चाक समोरून पाहता माथ्याकडे आत वा बाहेर कललेले असते, तो कॅम्बर. चाकाचा वळण्याचा आस बाजूने पाहता मागे कललेला असतो, तो कॅस्टर. सायकलच्या पुढच्या तिरक्या दांड्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहते, ते यामुळेच. आणि वरून पाहता दोन्ही चाके आपल्या पावलांसारखी आत किंवा बाहेर वळलेली असतात, तो टो. गाडी ओढण्याचे कारण मुख्यतः पहिल्या दोहोंत सापडते, तेही दोन बाजूंच्या फरकात. माथ्याकडे ज्या बाजूचे चाक अधिक बाहेर झुकलेले, त्या बाजूला गाडी जाते. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूलाही जाते. साधारण अर्ध्या अंशापेक्षा अधिक फरक असला तर शंका घ्यावी. टो चुकला तर टायर झिजते, स्टिअरिंग तिरके होते. पण दोन्ही चाके चूक आपसांत वाटून घेत असल्यामुळे गाडी सहसा ओढत नाही.

आणि येथेच खरी मेख आहे. आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही सुटसुटीत रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या मोटारींत आली आणि स्वस्त व हलकी म्हणून जगभर पसरली. तिच्यात कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरलेले असतात. गॅरेजमध्ये टाय रॉड फिरवून दुरुस्त होतो तो बहुतांशी टोच. म्हणजे आपण ज्याला अलाइनमेंट म्हणून पैसे देतो, त्यात गाडी ओढण्याशी ज्याचा संबंध सर्वांत कमी, तोच कोन प्रायः बदलला जातो. बाकीचे आकडे यंत्र फक्त वाचून दाखविते. आमच्या कागदावर दोन बाजूंच्या कॅम्बरमधील फरक अवघा पाच कला होता आणि कॅस्टर जवळपास समान. गाडी दुभाजकावर आपटून चाकाचा आधार वाकला असता, तर तो या दोन रकान्यांत दिसला असता. म्हणजे चालकावरील आरोपाचे खंडन गॅरेजच्याच कागदात छापलेले होते. कोणी ते वाचले नव्हते.

जॅकवर चढवून चाके हलवूनही पाहिली. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक यांत खेळ नव्हता. आपल्या रस्त्यांवर हे भाग लवकर झिजतात, आणि ते सैल असताना केलेले अलाइनमेंट पाण्यावर रेघ ओढल्यासारखे असते; म्हणून ते आधी पाहावे आणि मग कोन मोजावेत. क्रम उलटा केल्यास दोनदा पैसे जातात.

आता उरली टायरे. नवी म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता. मी चालकाला पुढची दोन्ही चाके आपसांत बदलायला सांगितली. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. दुसरे काही नाही. (टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल परीक्षेपुरतीच करावी.) आम्ही पुन्हा त्याच सिमेंटच्या रस्त्यावर आलो. चालकाने पकड सैल केली आणि गाडी डावीकडे निघाली. तो गाडी थांबवून माझ्याकडे पाहत राहिला. “काका, म्हंजे माझं काई नव्हतं,” एवढेच तो बोलला.

ओढ चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, त्याअर्थी ती स्टिअरिंगमध्ये नाही, रॅकमध्ये नाही, ब्रेकमध्येही नाही. अपराधी दोन टायरांपैकी एक. त्यातील एक मागे नेले आणि मागचे जुने पुढे आणले. फरक पडला नाही. ते पूर्ववत करून दुसरे मागे नेले, आणि गाडी रेषेत चालू लागली.

नव्या टायरमध्ये असे काय असते? १९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने पेटंट घेतलेल्या रेडियल टायरात धावेखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बनविताना हा पट्टा केसभर एका बाजूला सरकून बसला, तर बाहेरून टायर निर्दोष दिसते, बॅलन्सिंगच्या यंत्रावरही निर्दोष ठरते. पण भार पडताच त्याची एक कड दुसरीपेक्षा ताठ राहते. मग ते चाक नळकांड्यासारखे न वागता किंचित निमुळत्या शंकूसारखे वागते. घरातला निमुळता पेला जमिनीवर आडवा लोटून पाहावा. तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूकडे गोल फिरतो. तंत्रज्ञ याला कॉनिसिटी म्हणतात. अलाइनमेंटचे यंत्र रिमला पकडून कोन मोजते; टायरच्या पोटात काय आहे, हा रकानाच त्याच्या कागदावर नाही. मागच्या आसावर तोच दोष फारसा जाणवत नाही, कारण मागची चाके स्टिअरिंगला जोडलेली नसतात.

या प्रकरणाचा तपास दोन सकाळींत झाला आणि पंक्चरवाल्याला चाके काढण्या-घालण्याची मजुरी पडली. ज्यांच्या गाडीला विजेवर चालणारे स्टिअरिंग आहे, त्यांनी एवढे करूनही ओढ न गेल्यास स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा बसवून घ्यावा. काही गाड्यांत अलाइनमेंटनंतर ते करावे लागते. आणि फक्त वेग वाढविताना ओढ जाणवत असेल, तर ती इंजिनाच्या ताकदीची असते. ती वेगळी गोष्ट.

टायर विक्रेत्याकडे पुतण्या गेला. टायरवर फुगा नाही, चीर नाही, मग बदलून कसे द्यायचे, असा त्याचा प्रश्न होता. चिठ्ठीवर आमच्या परीक्षांची नोंद दिनांकासह लिहून दिली तेव्हा त्याने ती कंपनीकडे पाठविण्याचे मान्य केले. उत्तर अद्याप आलेले नाही.

भावाने मात्र वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वी त्याने वही काढली. पाच हजारांची रक्कम चालकाच्या खाती जमा करून उलट नोंद केली आणि तपशिलाच्या ओळीत ‘चुकीने नावे पडलेली रक्कम’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. चालक त्या वेळी अंगणात सदोष टायरच्या अंगावर पिवळ्या रंगाने अक्षरे काढीत होता. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर टायरांची जागा बदलण्याची वेळ येईल, तेव्हा कोणीही सवयीने ते पुढे घालील, ही धास्ती त्याला होती. अक्षरे थोडी वेडीवाकडी आली आहेत, पण दुरून वाचता येतात: ‘पुढं घालू नये.’