जोगनीचा वेश

आठवीचा ऑफ तास माझ्या वाट्याला आला की मुलं पुस्तक बंद करून बसतात. "टीचर, किस्सा सांगा." गेल्या आठवड्यात मी त्यांना 'इंदरसभा' सांगितली. लखनौच्या आगा हसन अमानतनं १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लिहिलेलं हे गाण्यांनी भरलेलं उर्दू नाटक. तरुणपणी आजारात अमानतची वाचा गेली होती. पुढे कर्बलाच्या यात्रेत ती परत आली, पण बोलताना अडखळणं राहिलं, असं सांगतात. ज्याला दोन वाक्यं नीट बोलता येत नव्हती, त्यानं अख्खा दरबार गाता केला.

दरबार कुणाचा? राजा इंदरचा. आणि त्यात नाचतात कोण? पुखराजपरी, नीलमपरी, लालपरी, सब्जपरी. इंद्र आपल्या पुराणांतला, पऱ्या फारसी किस्स्यांतल्या कोहकाफच्या. त्यांना एका सभेत बसवताना अमानतला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

सब्जपरी आकाशातून जाताना गच्चीवर झोपलेला शहजादा गुलफाम पाहते आणि तिथेच गडबड होते. ती काळ्या देवाला पाठवून त्याला झोपेतच उचलून आणते. जागा झाल्यावर हा पठ्ठ्या प्रेमात वगैरे पडत नाही, घाबरतो. (इथे वर्ग खूप हसला.) मग राजी होतो, तर हट्ट धरतो की मला इंदरची सभा दाखव. परी त्याला झाडाआड लपवते, लाल देव चुगली करतो. गुलफाम कोहकाफच्या विहिरीत, आणि परीचे पंख छाटून तिला दरबाराबाहेर काढतात.

मग ती जोगन होते. अंगाला राख फासून गात फिरते. तिच्या गाण्याची कीर्ती ऐकून इंदरच तिला बोलावतो आणि ओळखत नाही! खूश होऊन विडा देतो, हार देतो, ती काही घेत नाही. शेवटी तो म्हणतो, माग तुला हवं ते. ती गुलफाम मागते. दिलेला शब्द राजाला मोडता येत नाही.

हा जोगनीचा वेश अमानतच्या आधीही होता. मीर हसनच्या 'सहरुल बयान'मध्ये वजीराची मुलगी नज्मुन्निसा बीन घेऊन जोगन होते आणि जिन्नांच्या राजाचा मुलगा फिरोजशाह तिच्यावर लट्टू होतो. म्हणजे तिथे जिन्नच फसला.

"पण टीचर," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सब्जपरीनं फसवलंच ना इंदरला?"

मी खडू ठेवला. या प्रश्नाचं उत्तर मला वीस वर्षं सापडलेलं नाही.

२००५ साली मी बी.एड.ला होते. एका काकूंकडे वरची खोली भाड्यानं घेतली होती. माझं नाव दोन्हीकडे चालणारं आणि आडनाव देशमुख. आमचं वतन कधीच गेलं, आडनाव तेवढं राहिलं. काकूंनी विचारलं, "कुठले देशमुख?" मी गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, छान." मी खोटं बोलले नाही, फक्त पुढचं बोलले नाही. त्याआधी तीन ठिकाणी सगळं बोलून झालं होतं आणि तिन्ही खोल्या दहा मिनिटांत 'कालच गेल्या' होत्या.

त्या वर्षी नवरात्र आणि रमजान जवळजवळ एकदमच सुरू झाले. मी दिवा न लावता सहरी करायची. दिवसभर काही खात नाही हे पाहून काकू एकदा सकाळी अकराला साबुदाण्याची खिचडी घेऊन वर आल्या. "निर्जळी उपास करू नये गं, पित्त होतं." मी खिचडी झाकून ठेवली आणि मगरिबला त्या थंडगार, गोळा झालेल्या खिचडीनं रोजा सोडला. इतकी चविष्ट इफ्तारी मला त्या महिन्यात दुसरी मिळाली नाही. मग रोजच काहीतरी वर यायला लागलं.

दसरा झाला तरी माझा उपास सुटेना. काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "महिनाभराचा नवस आहे." हे मात्र खोटं होतं.

दिवाळीला त्यांनी फराळाचं ताट दिलं. भाऊबीजेनंतर ते घेऊन मी ईदला गावी गेले. परत निघताना अम्मीनं त्या ताटासोबत शीरखुर्म्याचा डबा दिला. "कुणाचं भांडं रिकामं परत करू नये." काकूंना काही माहीत नाही, हे अम्मीला माहीत नव्हतं. एसटीत तो डबा मांडीवर होता. वाटेत कुठेही ठेवून देता आला असता.

दार काकूंनीच उघडलं. "हे काय गं?"

"शीरखुर्मा. ईद झाली ना, आमच्या घरचा आहे."

त्या बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो नवस..."

"रोजे होते, काकू."

त्यांनी ताट घेतलं, डबाही घेतला. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या दारात होता. लखलखीत घासलेला, रिकामा.

खोली सोड असं त्या म्हणाल्या नाहीत. परीक्षा होईपर्यंत मी तिथेच राहिले. भाडं द्यायला गेले की घेत, अभ्यास विचारत. पण वर पुन्हा काही आलं नाही. शीरखुर्मा त्यांनी खाल्ला की नाही, मला कळलं नाही.

पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर खोलीही नाही आणि खिचडीही नाही. नंतर सांगितलं तर खोली राहिली, खिचडी गेली. त्यांना राग माझ्या धर्माचा आला की नवसाच्या खोट्याचा, हे विचारायला हवं होतं. दुसरं कारण असेल तर चूक माझी होती.

हे सगळं आठवीला सांगायचं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? फसवलं?"

अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. मग पहिल्या बाकावरची, एरवी कधीच न बोलणारी मुलगी उभी राहिली.

"टीचर, कपडे जोगनीचे होते. पण गाणं तर तिचंच होतं ना?"

तेवढ्यात घंटा झाली. मी तिला बस म्हणायचं विसरले, ती तशीच उभी होती.