पाटीवरचे नाव आणि हजेरीपटावरची नावे

"शाळेचे नाव बदलून पोरांच्या ताटात भाकर पडणार आहे का?"

हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला फार व्यवहारी समजतो. आंबेडकरी चळवळीला मात्र तो नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी घरातल्या पिठाचे विद्यापीठाशी यमक जुळवून आपली टिंगल कशी झाली, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी जे मिळाले ते नामांतर नव्हतेच, नामविस्तार होता. ठरावापासून तिथवर साडेपंधरा वर्षे गेली. नावात काहीच नसते, तर ते नाव लागू नये म्हणून एवढी घरे कशाला जाळावी लागली?

माझी आजी परभणीकडची. त्या पावसाळ्यात गाव सुटले आणि आमचे घराणे उल्हासनगरच्या टेकडीवर पत्र्याच्या खोलीत आले. आजीला वाचता येत नव्हते. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पेपरात आलेले विद्यापीठाचे नवे नाव तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, जोडाक्षरांवर अडखळत होतो. तिसऱ्यांदा मी घाईने वाचले तर म्हणाली, "पुरं वाच. डॉक्टरपासून वाच." त्यामुळे नावाने काय फरक पडतो, हे मला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

आमचे शहरच नावांच्या बाबतीत मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये 'उल्हासनगर' असे नाव ठेवले गेले आणि आजही रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प चार' असेच सांगतो. ज्यांचे गावच मागे राहिले त्या सिंधी बांधवांनी इथे दुकानांना, शाळांना, चौकांना आपली नावे दिली. मला त्यात काही वावगे वाटत नाही. गाव गमावलेल्याला नावाची किंमत कळते. पालिकेच्या शाळा मात्र आमच्या तोंडी नंबरानेच राहिल्या. मी स्वतः नंबराच्या शाळेत शिकलो. पाटीवर कोणाचे नाव होते ते आम्हा पोरांना सांगता आले नसते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात अंबरनाथ आणि बदलापूरहून मुले-मुली येतात. त्यांनी मध्यंतरी एक निवेदन तयार केले. मागणी अशी की, सरकारी आणि पालिकेच्या शाळांना टिळकांचे नाव असू नये. वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसावर बोट ठेवले की आपणच देशद्रोही ठरतो, कशाला ओढवून घ्यायचे? मी निवेदनाच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

टिळकांनी सहा वर्षे मंडालेचा तुरुंग भोगला, ते कोणी नाकारत नाही. त्यांचे नाव रस्त्याला असो, पुलाला असो, मला त्यावर वेळ घालवायचा नाही. शाळेची गोष्ट वेगळी आहे. १८८१ मध्ये टिळकांच्या 'मराठा'तून सूर निघत होता की, कुणब्याच्या पोराला इतिहास, भूगोल, गणित शिकवून उपयोग काय. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, आजचे हुजूरपागा. तिथे मुलींना मुलांसारखे विषय शिकवण्यावर 'केसरी'ने झोड उठवली. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक म्हणाले की, देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही. टाळ्या पडल्या असतील. पण अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा सही झाली नाही. आणि १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात, पैसे देऊनही, 'केसरी'ने छापली नाही.

लगेच उत्तर येते, "त्या काळात सगळेच तसे होते." सगळे? त्याच पुण्यात १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला होता, म्हणजे टिळकांच्या जन्माच्या आधी. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. काळ तोच, मुलूख जवळपास तोच. काळाच्या नावावर बिल फाडणे बंद करा.

आणि टिळकांचेच नाव हवे असेल, तर आमच्या निवेदनात पर्याय आहे. श्रीधर बळवंत टिळक. लोकमान्यांचा धाकटा मुलगा, बाबासाहेबांचा मित्र. १९२८ मध्ये त्यांनी गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली, अस्पृश्यांसह सहभोजन घडवले, 'चातुर्वर्ण्य विध्वंसक समिती' अशी पाटी वाड्यावर लावली. सनातन्यांनी आणि वडिलांच्या वारसा सांगणाऱ्यांनी त्यांना इतके छळले की २५ मे १९२८ रोजी त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. त्याआधी बाबासाहेबांना पत्र लिहिले. लोकमान्य ही पदवी कोणाला शोभलीच असती तर श्रीधरपंतांना, अशा अर्थाचे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. या टिळकांच्या नावाची एखादी पालिका शाळा असायला काय हरकत आहे? बघू, ब्राह्मण सभेचे लोक पाठिंबा देतात का.

"इतिहास पुसू नका" हा दुसरा आक्षेप. इतिहास पुस्तकात असतो. पाटीवर असतो तो सन्मान. पुस्तकातले टिळक काढा, असे कोणी म्हटलेले नाही. उलट ते पूर्ण शिकवा, वर सांगितलेल्या तारखांसकट. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. दादोजी कोंडदेव हे शिवरायांचे गुरू होते याला पुरावा नाही, हे पुढे आल्यावर २००८ मध्ये राज्य सरकारने क्रीडा मार्गदर्शकांच्या पुरस्काराचे त्यांचे नाव काढले. २७ डिसेंबर २०१० ला पुण्याच्या लाल महालातला पुतळा हलला. शिवाजी महाराजांचा इतिहास त्यामुळे एका ओळीनेही कमी झाला नाही. ठाण्याच्या स्टेडियमवर मात्र तेच नाव राहिले. ठाणेकरांनो, तुमचे तुम्ही बघा.

पण हे काम घाईने करू नये, हेही मुलांना सांगितले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये ४४ शाळांची नावे बदलायचे ठरवले. यादीत गुलामगिरी संपवणारे लिंकनही होते. अभ्यास कच्चा, चुका ढोबळ, आणि मुख्य म्हणजे तेव्हा कोरोनामुळे शाळांची दारे बंद होती. लोक चिडले. निर्णय मागे घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी घरी पाठवले. पाटी बदलणाऱ्याला आधी विचारले जाते की, दार उघडे आहे का?

आपल्याकडच्या दाराची खबर वेगळीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय काढला. कंपनीने, देणगीदाराने सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि त्या काळापुरते आपण सुचवलेले नाव शाळेला जोडून घ्यायचे. 'अ' आणि 'ब' वर्ग महापालिकेत पाच वर्षांचा दर दोन कोटी. 'ड' वर्ग महापालिका, नगरपरिषदा आणि गावे यांना पन्नास लाख. म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिघेही पन्नास लाखांच्या रांगेत. ज्या राज्यात एका नावासाठी माणसे जळाली, त्या राज्यात आता शाळेच्या नावाला दरपत्रक आहे. टिळकांच्या नावावर आम्ही वाद तरी घालू शकतो; त्यांनी काय लिहिले ते उघड आहे. पन्नास लाख भरून आलेल्या नावाशी वाद कसा घालायचा? त्याने शिक्षणावर काही लिहिलेलेच नसते. आणि शाळेला बाक, संगणक, शौचालय देणे हे सरकारचे काम आहे, उपकार नाही.

सातारच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, ती तेव्हा सरकारी हायस्कूल होती. आज ती प्रतापसिंह हायस्कूल आहे. तिथे जाणारे आपले लोक पाटीचा फोटो काढतात, पण डोळे भरतात ते रजिस्टर पाहून. 'भिवा रामजी आंबेडकर'. त्या रजिस्टरात ते नाव लिहिले गेले कारण शाळा सरकारी होती. आमच्याकडे पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना मी डोळ्यांनी पाहतो. टेकडीवरची आई धुणीभांडी करून पोराला गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालते, कारण पालिकेच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे. पाटीवर सावित्रीबाईंचे नाव लागले आणि हजेरीपटावर पोरगी नसली, तर त्या नावाचे आपण काय केले?

म्हणून निवेदन तसेच ठेवले आहे, फक्त त्याला दोन पाने जोडली आहेत. एकात प्रत्येक शाळेतली मंजूर शिक्षकपदे आणि रिकामी पदे विचारली आहेत. दुसऱ्यात आपल्या तिन्ही शहरांत कोणती शाळा कोणाला दत्तक गेली, किती वर्षांसाठी, कोणत्या नावाने, हे विचारले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवे. बदलापूरचा अर्ज नगरपरिषदेत पडला आहे, अंबरनाथचा मुली सोमवारी देणार आहेत. उल्हासनगरचा माझ्याकडे आहे. कॅम्प एक ते तीनमधल्या शाळांची यादी कोणाकडे असेल तर कळवा.

जय भीम.